पाच जणांची भिंत आणि माझी आंबेहळद

ही हकीकत मी सहा वर्षं टाळली. पुण्याहून कुणाचा फोन आला आणि "जपानबद्दल काहीतरी सांगा की" असं म्हणालं, की मी गाड्या सेकंदावर येतात ते सांगतो, कचऱ्याचे किती प्रकार असतात ते सांगतो आणि फोन ठेवतो. या देशात ज्या एका घटनेत माझा खरोखर हात होता, ती तेवढी वगळतो. आता पंचाहत्तरी उलटली. वगळायलाही फार दिवस उरलेले नाहीत.

आधीच सांगून टाकतो. माझ्या आंबेहळदीमुळे एका कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हातचा गेला, आणि त्याचा ठपका एका निर्दोष मुलावर बसला. त्या मुलाला मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

नोकरीच्या काळात मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने मला ओसाकाला काही वर्षं पाठवलं होतं. तेव्हा मोडकंतोडकं जपानी आलं. पुढे मुलगी लग्नानंतर इथेच राहिली आणि बायको गेल्यावर मी तिच्याकडे आलो. नातू तेव्हा कॉलेजात होता. तो मराठी समजायचा, पण उत्तर जपानीत द्यायचा, तेही एका शब्दात. "जेवलास का?" या प्रश्नाला मान हलवायचा. दोन वर्षं आमचं संभाषण एवढंच होतं.

तो कॉलेजच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळायचा. ओसाकाकडच्या लोकांना या खेळाचं वेड आहे. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्यांना स्टेडियम भरतं. नातवाचं विद्यापीठ त्यांतलं नव्हतं. त्याचा संघ खालच्या कुठल्याशा गटात होता आणि सराव चालू असताना मैदानाच्या एका कोपऱ्यात तिरंदाजी मंडळ बाण मारायचं, त्यामुळे तो कोपरा कुणी वापरत नसे.

नातू ज्या जागी खेळायचा त्या जागेला 'लाइन' म्हणतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढे पाच धिप्पाड मुलं ओणवी उभी राहतात. मधला मुलगा, म्हणजे सेंटर, मागे न बघता दोन पायांमधून चेंडू मागच्याला देतो. बाकी चौघं जन्मात चेंडूला हात लावत नाहीत. पाचांनी मिळून फक्त भिंत व्हायचं, म्हणजे मागच्याला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळतात. लग्नातल्या वाढप्यांसारखं आहे हे. पंगत नीट उठली तर आचाऱ्याचं कौतुक, वरण सांडलं तरच वाढपी दिसतो.

त्या शरद ऋतूत भिंतीची दशा झाली होती. मूळचा सेंटर सार्वजनिक स्नानगृहात साबणावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. एकाचं अपेंडिक्स निघालं. एकाचा खांदा निखळला, तोही सामन्यात नाही, हेल्मेट काढताना. उरले दोन जुने: माझा नातू, त्याचा डावा गुडघा सुजलेला, आणि कॅप्टन, त्याचा उजवा घोटा मुरगळलेला. रिकाम्या तीन जागी तीन नवे आले. पहिला चहापान-विधीच्या मंडळातून आणलेला. तो समोरच्याला अडवण्याआधी नकळत किंचित वाकायचा. दुसरा साध्या फुटबॉलच्या मंडळात नाव घालायला म्हणून आला होता, चुकीच्या टेबलावर सही करून बसला आणि भिडेपोटी बोललाच नाही. तिसरा, नवा सेंटर, शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे ते अंगाभोवती घ्यायचं पितळी धूड. तो मुलगाही तसाच होता, मोठा, गोल आणि हळू बोलणारा. मी त्याला मनात ट्यूबावाला म्हणायचो.

थोडक्यात, जे अनुभवी ते लंगडे आणि जे धडधाकट ते अडाणी.

मी रोज दुपारी फिरायला म्हणून मैदानावर जायचो, त्यामुळे हा खेळ मला थोडाफार कळायला लागला होता. भिंतीत एक दुखरा गुडघा असला की शेजारचा त्याला सांभाळायला एक पाऊल आत सरकतो. त्याच्या पलीकडचा नवा असला की त्याला हे कळत नाही, आणि दोघांच्या मधे एक दार उघडतं. त्या दारातून समोरचा आत येतो आणि चेंडूवाल्याला आडवा करतो. मग पाचही जण उठून एकमेकांची माफी मागतात. ती माफी संपेपर्यंत पुढच्या डावाची वेळ झालेली असते.

ट्यूबावाला मात्र शिकत होता. चेंडू देण्याआधी तो सवयीने पोटातून श्वास घ्यायचा आणि त्याचे गाल टम्म फुगायचे. ते पाहून समोरचे फसायचे आणि चेंडू हलण्याआधीच उडी मारायचे. दंड त्यांना व्हायचा. आमच्या संघाचा तो सगळ्यात यशस्वी डाव होता, आणि त्याला स्वतःला तो माहीतच नव्हता.

माझा प्रवेश झाला तो गुडघ्यामुळे. एका संध्याकाळी नातू सोफ्यावर पाय वर करून बसला होता. मी न विचारता स्वयंपाकघरात गेलो, आंबेहळद उगाळली, साधी हळद, तुरटी आणि मीठ घालून पळीत कढवली आणि सोसेल इतका गरम लेप त्याच्या गुडघ्याला लावला. आमच्या घरात पडझडीवर दुसरं औषध कधी नव्हतंच.

"बाबा, ओट्याला डाग पाडू नका हं," मुलगी म्हणाली. "घर भाड्याचं आहे."

"डाग उन्हात जातो."

"ओटा उन्हात नेणार आहात का तुम्ही?"

सकाळी नातू जिना उतरताना कण्हला नाही. दाराशी थांबला आणि मराठीत म्हणाला, "आजोबा, बरं वाटतं." तीन शब्द. मी ते दिवसभर मनात घोळवत होतो.

दोन दिवसांनी कॅप्टन स्वतः घरी आला. बूट दारात नीट जोडून ठेवले, माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि घोटा पुढे केला. आठवड्याभरात सगळा संघ मला 'आजोबा-सान' म्हणायला लागला. नातू मित्रांना सांगायचा, "माझे आजोबा भारतीय औषधं जाणतात." आयुष्यभर मी आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासली होती. पण तो असं म्हणाला की मी गंभीर चेहरा करून मान हलवायचो.

ज्या मुलीला हे पटलं नाही ती संघाची ट्रेनर. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, बुटकी, कमरेला पट्ट्यांच्या गुंडाळ्या लटकवलेली. संघाला डॉक्टर नव्हता, ती होती. एके दिवशी तिने मला बाजूला घेतलं.

"आजोबा-सान, सुजेवर बर्फ लावायचा असतो. गरम नाही."

"आमच्याकडे गरम लावतात."

"आणि पट्टीच्या आत काहीही लावायचं नाही. सामन्याच्या दिवशी तर नाहीच. मला वचन द्या."

मी वचन दिलं.

तिने एक युक्ती काढली होती. सामन्यात समोरच्या संघाला कोण जखमी आहे हे कळलं की ते त्याच्यावरच तुटून पडतात. नियमात बसतं ते. म्हणून तिने पाचही जणांचे दोन्ही घोटे आणि दोन्ही गुडघे सारख्याच पांढऱ्या पट्ट्यांनी बांधायचं ठरवलं. लंगडायचं असेल तर पाचांनी लंगडायचं, नाहीतर कुणीच नाही. मुलं रोज त्याचा सराव करायची. पाच पैलवान एका तालात उजव्या पायाने लंगडत मैदानाला चक्कर मारतायत, आणि मागून ती छोटी मुलगी ओरडतेय, "चहापानवाले, तुम्ही जास्त लंगडताय!" हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सामन्याच्या दिवशी सकाळी कपडे बदलायच्या खोलीमागे, स्वच्छतागृहाच्या आडोशाला, मी थर्मासच्या डब्यातून गरम लेप काढला. नातवाच्या डाव्या गुडघ्याला आणि कॅप्टनच्या उजव्या घोट्याला चांगला जाड लावला, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. मग दोघं निमूट जाऊन ट्रेनरसमोर उभे राहिले.

"ही आतली पट्टी कसली?" तिने विचारलं.

"आजोबा-सानच्या देशातली. शुभ असते," कॅप्टन म्हणाला.

शुभ म्हटल्यावर जपानी माणूस पुढे विचारत नाही. तिने वरून पांढरी पट्टी बांधली.

पहाटेपासून भुरभुर पाऊस होता. मी प्रेक्षकांत बसलो नाही. मैदानाच्या एका टोकाला मातीचा उंचवटा होता, तिथल्या बाकाला पाठ टेकायला जागा होती आणि स्वच्छतागृह जवळ होतं. या वयात माणूस जागा अशीच निवडतो. तिथून समोरच्या संघाच्या पाठी दिसायच्या आणि आमच्या पाच जणांची तोंडं.

पहिला अर्धा तास झकास गेला. ट्यूबावाल्याचे गाल फुगत होते, समोरचे फसत होते. चहापानवाला वाकत होता, पण वाकून अडवतही होता. भिंत उभी होती. मग दुसऱ्या सत्रात मला काहीतरी वेगळं दिसलं. आधी वाटलं, चष्म्यावर पाणी आहे. चष्मा पुसला. नातवाच्या डाव्या गुडघ्यावर पांढऱ्याशुभ्र विजारीतून एक पिवळा गोल उमटला होता, सूर्यफुलाएवढा. कॅप्टनचा उजवा मोजा बुटाच्या काठापासून पोटरीपर्यंत पिवळाधमक होता. ओणवी बसलेली पाच मुलं, वीस सारख्या पट्ट्या, आणि त्यांत बरोबर दोन पिवळ्या. दुखऱ्या जागांवर मी खूण करून ठेवली होती.

माझ्याच पुढ्यातून समोरच्या संघाचा एकजण बोट दाखवत ओरडला, "किइरो! किइरो!" किइरो म्हणजे पिवळा. पुढच्याच डावाला तिघं मिळून नातवाच्या गुडघ्यावर आले. त्याच्या पुढच्याला कॅप्टनच्या घोट्यावर. नातवाला सांभाळायला ट्यूबावाला डावीकडे सरकला, तर उजवीकडे दार उघडलं. उजवीकडे गेला, तर डावीकडे.

आमच्या संघाला हे पिवळं दिसलं नाही. मागच्या खेळाडूंना फक्त पाठी दिसत होत्या, बाकावरचे लांब होते, आणि मैदान मातीचं असल्यामुळे थोड्याच वेळात सगळेच चिखलाने माखले. पण ते ओरडणं त्यांना ऐकू आलं. मध्यंतरात मी कुंपणाजवळ गेलो तेव्हा आमचा प्रशिक्षक फळ्यावर 'किइरो' लिहून त्याखाली बाण काढत होता.

"हा त्यांचा सांकेतिक शब्द आहे," तो म्हणत होता. "किइरो म्हणजे बहुधा डावीकडून तिघं. कुणाला आणखी काही वाटतं?"

साध्या फुटबॉलचा म्हणून आलेला मुलगा भीतभीत म्हणाला, "किइरो म्हणजे पिवळा असेल का?"

"तेवढं सोपं नसतं," प्रशिक्षक म्हणाला.

कुंपण आणि मी यांत दोन हातांचं अंतर होतं. "पट्ट्या बदला" एवढे दोन शब्द पुरले असते. पण ट्रेनर तिथेच उभी होती आणि मी तिला वचन दिलं होतं. मी बाकावर परत गेलो. उत्तरार्धात नातवाला दोघांनी उचलून बाहेर नेलं. स्कोर मी सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम पुढे होऊन म्हणालो, "दोघांचेही कपडे मी धुतो." मळलेल्या गणवेशासाठी इथे हिरव्या साबणाची वडी मिळते. ती फिरवल्याबरोबर पिवळा डाग लालभडक झाला. मुलगी दारात उभी होती.

"हळद आहे ही," ती म्हणाली. आमच्या घरातली मुलगी, तिला काय सांगायचं. तिने कॅप्टनचा मोजा हातात घेऊन उलटसुलट केला. "बाबा, त्यांना कळलं ते यामुळे?"

"हो."

"मग सांगा त्यांना."

"सांगतो."

कपडे गॅलरीत वाळत घातले. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. हळदीचा डाग उन्हात जातो. मोजे पुन्हा पांढरे झाले.

त्या आठवड्यात आत्मपरीक्षणाची सभा होती. हरल्यावर इथे अशी सभा घेतात. एकेकजण उठून आपली चूक सांगतो. मला समोर खुर्चीवर बसवलं होतं, पाहुणा म्हणून. एकजण म्हणाला, आदल्या दिवशी भात कमी खाल्ला. चहापानवाला म्हणाला, समोरच्याला ढकलताना त्याच्याविषयी वाईट वाटलं. बँडेज बांधलेला पाय लांब करून नातू म्हणाला, "माझा गुडघा कमजोर पडला." मग कॅप्टन उठला, माझ्याकडे वळला आणि आजोबा-सानच्या औषधाबद्दल सगळ्यांच्या वतीने आभार मानले. सगळे वाकले. मीही वाकलो.

मग प्रशिक्षकाने विचारलं, "दोघांच्या नेमक्या दुखापती त्यांना कळल्या कशा?"

ट्रेनर माझ्याकडे बघत होती. पट्ट्या कापून कचरा वेगळा करायचं काम तिचंच होतं. तिने काय पाहिलं असेल ते मला तेव्हाच कळलं. ती अगदी हळू म्हणाली, "आजोबा-सान, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

तिने दार उघडून धरलं होतं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती आणि त्यांत माझा नातूही होता. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. माझ्याकडे असं कुणी बघून खूप वर्षं झाली होती.

"मुलं छान खेळली," मी म्हणालो.

आणि तेव्हा ट्यूबावाला उठला. म्हणाला, त्यांच्या संघात माझा शाळेतला मित्र आहे. सामन्याच्या आधी मी त्याच्याबरोबर रामेन खायला गेलो होतो. मी काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण मी बोललो असेन. माझ्यामुळे झालं असेल. माफ करा. एवढं बोलून तो कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

सगळ्यांत आधी माझा नातू बोलला. "'असेन' नाही. तूच बोललास."

पुढच्या सरावाला ट्यूबावाला आला तो डोक्याचा गुळगुळीत गोटा करून. मी घाबरून नातवाला विचारलं, "अरे, याच्या घरी कोण गेलं?"

"कुणी नाही," नातू म्हणाला. "इथे माफी मागताना असं करतात."

सुतक माझं आणि मुंडण त्याचं. थंडी होती. त्याचं डोकं लाल पडलं होतं. वाहतुकीच्या कुठल्याही खांबाला धडकला असता तरी त्याने खांबाची माफी मागितली असती, असा तो मुलगा. मी खिशातली लोकरी टोपी काढून त्याला दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि पुन्हा वाकला. त्या दिवशी मी त्याला टोपीपेक्षा जास्त काही दिलं नाही.

नवीन वर्षाआधी त्याने संघ सोडला. त्याच्या जागी कुणी मिळालं नाही. चेंडू पकडणाऱ्या एका सडपातळ मुलाला सेंटर केलं, आणि समोरच्या संघाने त्याला दारासकट आत ढकललं. भिंत पुन्हा उभी राहिली नाही. नातवाचा गुडघा बरा झाला. तो आता टोकियोजवळच्या उरायासुला राहतो आणि टोकियोत नोकरी करतो. घरी आला की अजूनही कधीतरी म्हणतो, "तो एक फितूर झाला नसता तर." मी चहा घेत राहतो. मुलगी उठून आत जाते. नातवाला मराठी वाचता येत नाही. ट्यूबावाल्याला तर नाहीच. म्हणजे हे मी अशा भाषेत लिहितो आहे की ज्या दोघांनी वाचायला हवं त्यांनाच ते वाचता येणार नाही, हे मला कळतं.

एकदा मात्र मी गेलो होतो. पुढच्या वसंतात कळलं की ट्यूबावाला स्टेशनजवळच्या एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम करतो. इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. मिठाईचा खोका न्यावा लागतो. मोठ्या दुकानाच्या तळघरात मी खोका घेतला. विक्रेतीने विचारलं, कागद कुठल्या प्रसंगाचा लावू? मी म्हणालो, माफीचा. तिने जराही न दचकता फुलं नसलेला राखाडी कागद काढला. घरी बसून मी जपानीत तीन वाक्यं लिहिली, पाठ केली आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

दुपारची वेळ होती. रांगेत माझ्यापुढे दोघं होते. माझी पाळी आली. केस वाढले होते त्याचे. त्याने मला ओळखलं, चेहरा उजळला आणि लगेच उतरला. मी खोका काउंटरवर ठेवला.

"आजोबा-सान! हे कुरिअरने पाठवायचंय ना?" त्याने खालून कुरिअरचा फॉर्म काढला. या दुकानांत पार्सलंही घेतात.

"नाही, हे..." मी म्हणालो. मागे रांग होती. एका बाईच्या हातातलं आइस्क्रीम वितळत होतं. त्याने पेन पुढे केला. 'पाठवायचं ठिकाण' या चौकटीत काय लिहायचं ते मला सुचेना. मी माझ्याच घरचा पत्ता लिहिला.

त्याने खोक्याचं माप घेतलं, पावती चिकटवली. मग हात बाजूला घेऊन सरळ उभा राहिला.

"आजोबा-सान, तुमच्या नातवाच्या गुडघ्याला माझ्यामुळे... मी तुम्हाला भेटून माफी मागायला हवी होती. हिंमत झाली नाही. मला माफ करा." आणि कोंबिनीचा तो निळा ॲप्रन घालून, सगळ्या रांगेसमोर, तो कमरेत वाकला.

मी त्याच्या डोक्याकडे बघत होतो. केस अजून भांग पडण्याइतके वाढले नव्हते. खिशात बोटांना चिठ्ठी लागत होती.

"राहू दे रे बाळा," मी त्याच्या भाषेत म्हणालो. "झालं गेलं."

मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोका घरी आला. मुलीने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तो न उघडता फडताळात ठेवला. पुढे एकदा गेलो तेव्हा त्या काउंटरवर दुसरंच कुणी होतं. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर लिहिलं आहे: तू काहीच सांगितलं नव्हतंस. हळद मी लावली होती, आणि सभेत गप्पही मीच बसलो. मला माफ कर.